भागीरथाबाईची बरणी

आईची बातमी आली तेव्हा मी चांद्याच्या एका छापखान्यात उभी होते. सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या करा, असं सांगणारं आमच्या मंडळाचं पत्रक यंत्रावरून उतरत होतं आणि मी कागद मोजून गठ्ठे बांधत होते. चामोर्शीकडून आलेल्या मोटारीचा ड्रायव्हर दारात येऊन म्हणाला, "कंपाउंडरबाबूची पोरगी तूच का, बाई? मायची तब्येत बरी नाई म्हणते. घरी बोलावलं." मला आडून बोललेलं खपत नाही. मी सरळ विचारलं, "गेली का?" तो म्हणाला, "मले एवढंच सांगाले सांगतलं..." आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. उत्तर टोपीनं दिलं.

वैनगंगा डोंग्यातून ओलांडून मी घरी पोचले तेव्हा आईला ओसरीत निजवलं होतं. पांढरं लुगडं, छातीवर तिचं पवित्र शास्त्र. ताप चढला आणि उतरलाच नाही, एवढंच बाबांना सांगता आलं. आईच्या पायाशी आमची शेजारीण भागीरथाबाई बसली होती. आईचे केस तिनंच विंचरले होते, पायही तिनंच पुसले होते. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. कुणीतरी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. तिनं मानेनं नको म्हटलं, उठली, परसातून स्वतःच्या घरी गेली, तिथं पाणी प्यायली आणि परत येऊन आईच्या पायाशी बसली. आईला शिवायला तिची हरकत नव्हती. प्रेताला शिवल्यावर आंघोळ करायचीच असते, तेव्हा एकाच आंघोळीत प्रेताचा आणि आमच्या जातीचा, दोन्ही विटाळ धुऊन निघाले असतील. मी हे त्या दिवशी बोलले नाही. आज लिहिते आहे.

भागीरथाबाई हे तिचं खरं नाव नाही. "तुह्या कागदात ते नाई आली पाहिजे," असं आईनं मला बजावलं होतं. म्हणून नाव बदललं. बाकी काही बदललेलं नाही.

आईचं नाव मार्था. माझे आजोबा ख्रिस्ती झाले त्याला पुष्कळ वर्षं झाली. गावानं आम्ही देव बदलल्याचं लक्षात ठेवलं, आणि आमची जातही गाव विसरलं नाही. बाबा दवाखान्यात कंपाउंडर. त्यांनी हातानं कालवलेलं औषध सगळं गाव पीत असे. औषधात पाणी नसतं काय? मी लहानपणी हे विचारलं तेव्हा बाबा हसून म्हणाले होते, "बाटलीतलं पाणी गावाले दिसत नाई, बेटा." बाबांना अशा गोष्टींचं हसू येई, मला राग येई, आणि आई... आईला काय होत असे ते मला कधी नीट कळलंच नाही. ती प्रार्थना करी.

तिची प्रार्थनाही तिच्यासारखीच, घरकामातली. चुलीवर आधण ठेवलं की तांदळातली एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची. ती देवाची मूठ. रविवारी आमच्याच ओसरीत उपासना होई, कारण गावात ख्रिस्तमंदिर नव्हतं आणि पाळकसाहेब येत ते महिन्यातून एखाद्या वेळी. त्या दिवशी ती मूठमूठ जमलेली अर्पणात जाई. धानाची रोवणी सुरू झाली की ती बांधावर उभी राहून देवाशी बोले, आणि तापानं फणफणलेल्या कोंबडीसाठीसुद्धा तिनं डोळे मिटलेले मी पाहिले आहेत. दिवेलागणीला मात्र मोठ्यानं. एकेकाचं नाव घेऊन. बाबा, मी, माझा खोकला, बाजारातला आंधळा मिरचीवाला, आणि रोज न चुकता भागीरथाबाई. मी मंडळात गेले, देवाशी बोलणं सोडलं, तरी तिनं माझं नाव गाळलं नाही. फक्त पुढे जोडू लागली, "तिच्या रागाले सांभाळ, बाप्पा."

या दोघींची मैत्री परसातल्या काट्यांच्या कुंपणावरची. इकडे आई भांडी घासतेय, तिकडे भागीरथाबाई गोवऱ्या थापतेय, आणि तोंडं अखंड चालू. एकमेकींच्या सासूची नक्कल करावी ती या दोघींनीच. पण जेवणाचं आलं की कुंपण उंच व्हायचं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच नाताळाला आईनं मोठ्या हौसेनं करंज्यांचं ताट तिच्याकडे पाठवलं होतं. भागीरथाबाईच्या सासूनं त्या करंज्या गोठ्यात म्हशीपुढे टाकल्या. आईनं कुंपणातून पाहिलं. पुढच्या नाताळापासून ती कोरडा शिधा पाठवू लागली: नवे तांदूळ, गूळ, नारळ. कोरड्याला विटाळ नसतो ना! मग भागीरथाबाई त्याच तांदळाची, त्याच गुळाची खीर करी आणि वाटीभर आम्हाला पाठवी. आमचाच गूळ, आमचेच तांदूळ. बाबा वाटी उचलून म्हणत, "घ्या, आपला गूळ काशीले जाऊन आला." आई हसे. मी खीर खात नसे.

आणि दर उन्हाळ्यात ती बरणी. आंब्याचं लोणचं आईनं भागीरथाबाईकडूनच शिकलेलं. फोडी किती वाळवायच्या, मीठ कधी, तेल कधी, हे सगळं कुंपणावरून. दरवर्षी आई विचारी, "मेथी किती टाकू वं?" आणि पलीकडून उत्तर येई, "चिमूटभर टाक. तुहा हात मोठा आहे, मार्थी, कडू करशील." लोणचं झालं की आई दोन बरण्या भरी. मोठी घरची. लहान, तपकिरी गळ्याची, भागीरथाबाईची. तिच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधून ती फळीवर ठेवायची आणि वाट पाहायची. पाठवायची नाही. करंज्यांचं ताट पाठवून झालं होतं, आता पाठवणार नव्हती. "तिनं मागितली पाहिजे," म्हणायची, "मंग देईन." नाताळापर्यंत बरणी तशीच राही. नाताळाच्या जेवणाला आई फडकं सोडी आणि ते लोणचं आमच्याच पानात वाढी. "औंदा नाई आली. पुढच्या साली येईल," एवढंच बोलायची. लहानपणी मला वाटे की भागीरथाबाई न येण्यात फायदा आहे, दोन्ही बरण्या आपल्याच.

एका वर्षी भागीरथाबाईच्या शंकरला मुदतीचा ताप आला. बाबा रोज औषध देत होते, पण पोरगं डोळे उघडेना. दिवेलागणीला आईची प्रार्थना चालू असताना कुंपणापलीकडून आवाज आला, "मार्थी, तुह्या देवाले माह्या पोराचं सांग न वं." आई म्हणाली, "रोज सांगून राह्यलो, बाई. तूबी सांग." "मले त्याची भाषा कुठी येते!" "आपल्या झाडीचीच बोलतो मी त्याच्यासंग. त्याले समजते." शंकर बरा झाला. भागीरथाबाई नारळ घेऊन कुंपणाशी आली. "तुह्या देवाले कोणता चालते? शेंडीवाला का सोललेला?" आई खळखळून हसली. "त्याले नारळ नाई लागत." "मंग खाते काय तो?" आईचं हसू तसंच होतं, पण आवाज खाली आला. "आपण सारे एका पंगतीत बसून खाल्लो, का त्याचं पोट भरते." भागीरथाबाईनं नारळ दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "पोरगं एकटं आहे, जातो मी." नारळ कुंपणाच्या खुंटाशी ठेवून गेली.

मोठी झाले, नागपूरच्या वसतिगृहात शिकले, पत्रकं लिहू लागले आणि एके सुट्टीत आईला म्हणाले, "तुझी ही मैत्री नाही, ही वेठ आहे. ती तुझ्या देवाची मदत घेते, बाबांचं औषध घेते, आणि तुझ्या हातचा घोट तिला चालत नाही. हे छापणार आहे मी." आई तांदूळ निवडत होती. "माहं छाप," ती म्हणाली, "तिचं नाव नको. ते बिचारी सासूच्या धाकात आहे." सासू वारली. आईनं त्या उन्हाळ्यात बरणी जरा मोठी भरली. भागीरथाबाई आली नाही. आता शंकरचं लग्न जुळवायचं होतं, सोयरे काय म्हणतील? लग्न झालं. मग सून नवी होती. कायदा झाला, अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरलं, आम्ही चांद्यात मिरवणूक काढली. चामोर्शीतल्या त्या कुंपणाला कायद्याची बातमीच नव्हती. "आई, किती वाट पाहशील?" मी विचारलं. ती म्हणाली, "तू कागद वाट. मी वाट पाहतो. दोघींपैकी एकीचं तं काम होईल."

तिचं काम झालं नाही. माझंही नाही.

तळ्यापलीकडच्या आमच्या लहानशा दफनभूमीत तिला ठेवून आम्ही परतलो. घरात चूल पेटलेली नव्हती. रीतीप्रमाणे शेजारून जेवण आलं. ते आणलं भागीरथाबाईनं, भाकरी आणि वरण. स्वतः वाढलं, बाबांच्या पाठीवर हात ठेवून "दोन घास खा, भाऊ" म्हणाली. बाबा जेवले. मी पानावर बसले आणि सगळ्या बायांसमोर म्हणाले, "मावशी, तुम्हीही बसा. आज तरी बसा आमच्यात." भागीरथाबाईच्या हातातली पळी वरणातच थांबली. "आज तुमी खाचं असते, माय," ती म्हणाली. रीत तिच्या बाजूनं होती. रीत नेहमी तिच्याच बाजूनं असते.

पुढे बाबा पुन्हा दवाखान्यात जाऊ लागले. मी चांद्याला परतले नाही, घर आवरायला राहिले. एका दुपारी परसाचं फाटक वाजलं. भागीरथाबाई आत आली, अंगण ओलांडलं आणि थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात टेकली. इतक्या वर्षांत ती तिथवर कधी आली नव्हती.

"मार्थीच्या हातचं काई आहे का वं घरात?"

मला वाटलं आठवण म्हणून काही हवं आहे. "लुगडी आहेत, मावशी."

"लुगडं काय करू? हातचं म्हटलं मी." तिची नजर फळीवर फिरली. "माही बरणी कुठी आहे?"

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मार्थीच्या पोटात बोलणं राहाते का? दरसाल सांगे, भरून ठेवली म्हणून. मी म्हणो, राहू दे..."

"मग मागितली का नाही?" माझा आवाज चढला. "इतकी वर्षं ती वाट पाहत होती! सासू गेली, लग्न झालं, मग कुणाचं भय होतं?"

"सासूचंच वाटे मले," ती म्हणाली. "ते मेली तवा समजलं, भेव माहंच होतं."

मी बरणी काढली. फडक्याची गाठ आईनं मारलेली, घट्ट. ती सोडायला वेळ लागला. ताटली घ्यायला वळले तर भागीरथाबाईनं उघडा तळहातच पुढे केला. मी एक फोड ठेवली. तिनं ती तोंडात टाकली, सालीसकट चावली, डोळे मिटून बराच वेळ चघळत राहिली. गिळली. मग म्हणाली,

"मेथी जास्त झाली. दरसाल सांगो मी तिले, चिमूटभर टाक..." आणि पदर तोंडावर धरला. "आता हे कोणाले सांगू वं मी?"

जाताना मी म्हटलं, "बरणी घेऊन जा, तुमचीच आहे." ती उठता उठता थांबली. "घरी नाई नेता येत, माय. इथीच येत जाईन." म्हणजे कुंपण अजून आहेच. तिच्या घराला कळता कामा नये. मी हे गोड मानून घेणार नाही. आईला जे एकदा पाहायचं होतं ते तिला पाहायला मिळालं नाही, आणि त्याची भरपाई कुणाच्या रडण्यानं होत नाही. विहिरींचं पत्रक मी पुन्हा छापणार आहे. लेख लिहू का, असं मात्र मी भागीरथाबाईला विचारलं. ती म्हणाली, "लिव. मेथीचंबी लिव."

आता ती दुपारची येते. उंबऱ्यातच बसते, तळहात पुढे करते, एक फोड खाते, आईची एखादी खोड काढते आणि जाते. नाताळ जवळ आला आहे आणि बरणीच्या तळाशी थोड्याच फोडी उरल्या आहेत. काल जेवताना बाबा फळीकडे पाहून म्हणाले, "एक आपल्यालेबी वाढ न, बेटा. तिच्या हातचं आहे." मी उठले नाही. मोठी बरणी केव्हाच संपली, हे मलाही ठाऊक आहे. मी म्हटलं, "बाबा, ती आपली नाही." त्यांनी मान हलवली आणि कोरडी भाकर वरणात बुडवली.