पिल्लाची आई दाखवा

तीस वर्षं मी लाल बसमध्ये कंडक्टर होतो, आणि त्या नोकरीनं मला एक खोड लावली. माणसाकडे एकदा बघायचं आणि तो कसा आहे ते ठरवून मोकळं व्हायचं. दहावीतल्या पोराला अर्ध्या तिकिटात कोण बसवतोय, पुढच्या फाट्यावर गुपचूप कोण उतरणार आहे, हे मला पायरीवर पाय पडायच्या आत कळायचं. निदान मी तसं सगळ्यांना सांगत असे. बायको हसायची. तिच्या मते मी जितकी माणसं ओळखली त्याहून जास्त माणसांवर उगाच डाफरलो.

त्यामुळे कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं तेव्हा मी कुणाला काही विचारलं नाही, यात नवल नाही.

मुलगी लग्न होऊन नाशिककडे गेली होती. मी निवृत्त झालो होतो. मेहकरला नव्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर आणि पुढे बऱ्यापैकी मोठं अंगण. बायको एकदा जेवता जेवता म्हणाली, सोबतीला एखादं कुत्रं असावं. तिनं आयुष्यात फार कमी गोष्टी मागितल्या, त्यामुळे मी दुसऱ्याच दिवशी उठून एक आठवडी बाजार गाठला. कोणता ते सांगत नाही, उगाच गावाचं नाव खराब नको. बाजाराच्या तोंडाशी एक जण टोपलीत पिल्लं घेऊन बसला होता. आमच्याकडे पिल्लू पारखायची रीत ठरलेली आहे. आधी नखं मोजायची. वीस भरली तर कुत्रं पाणीदार निघतं. मग मानेच्या कातड्याला धरून वर उचलायचं; जे ओरडत नाही ते धीट. माझे वडील असंच पारखायचे, त्यांचे वडीलही. मी एकेक पिल्लू उचललं. चारांनी ओरडून बाजार डोक्यावर घेतला. पाचवं नुसतं लोंबत राहिलं, हूं की चूं नाही. नखं मोजली, वीस. मी तेच घेतलं आणि रस्त्यात जो ओळखीचा भेटला त्याला त्याचा धीटपणा दाखवत घरी आलो.

ते धीट नव्हतं. त्याच्या अंगात ओरडायचं त्राण नव्हतं. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, चौथ्या दिवशी रक्ताची हगवण. बायको त्याला मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजत बसली. जनावरांचे डॉक्टर आमच्याच वस्तीत राहतात. मुसलमान गृहस्थ आहेत, बोलतात कमी, पण म्हशीपासून कोंबडीपर्यंत सगळ्यांना त्यांचा हात लागलेला. त्यांनी पार्वो आहे, पिल्लांच्या आतड्यांचा साथीचा आजार, म्हणून सांगितलं, सलाइन लावलं आणि मला विचारलं, याची आई पाहिली होती का. मी म्हटलं, आई कशाला पाहायची, मला पिल्लू घ्यायचं होतं. पाचव्या दिवशी दुपारी पिल्लू तिच्या मांडीवरच गेलं.

मला वाटलं, दोन दिवस रडेल आणि सावरेल. ती रडलीच नाही. तिनं अंगण धुतलं, पिल्लाचं पोतं जाळलं आणि कामाला लागली. फक्त बोलणं आटलं. शेजारणी बोलवायच्या तर जाईना, मुलीचा फोन आला तर दोन वाक्यं बोलून माझ्या हातात द्यायची. महिनाभरानं मी भीत भीत विचारलं की दुसरं आणू का. ती म्हणाली, "आता नको. माह्या मांडीवर पुन्हा नको." मला तिच्यापेक्षा माझाच राग आला. पिल्लू आजारानं मेलं हे खरं, पण ते आजारी पिल्लू निवडून, वर मिरवून, घरात मी आणलं होतं. तिचं मन मीच मिटवलं होतं आणि ते उघडायचं कसं हे मला कळत नव्हतं.

शेवटी डॉक्टरांकडे जाऊन बसलो. ते म्हणाले, "चाचा, पिल्लू नका पाहू. पिल्लाची आई पाहा, ते राहते ती जागा पाहा." बाकीचं त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं: दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडून देणाऱ्याकडून घेऊ नका, इंजेक्शनांची वही मागा, ती कुत्री वर्षात किती वेळा विते ते विचारा. मी सगळं पाठ केलं आणि बायकोला न सांगता शोध सुरू केला. चांगलं पिल्लू एकदम समोर ठेवलं की ती नाही म्हणणार नाही, असा माझा हिशेब.

पहिल्या दुकानात पिल्लं काचेच्या पेटीत होती. मी म्हटलं, यांची आई दाखवा. दुकानदार म्हणाला, आई पुण्याला असते. जणू ती तिकडे नोकरीला होती. दुसरा माणूस अमडापूरच्या पलीकडे कुठल्याशा मळ्यात भेटला. मोबाइलवर त्यानं पाठवलेल्या फोटोंतली पिल्लं अशी गुबगुबीत की मीच विरघळलो होतो. तो आई दाखवायला तयार नव्हता, पण मी कंडक्टरच्या आवाजात बोललो तेव्हा मागच्या शेडचं दार उघडलं. आत सहा कुत्र्या, सहा पिंजरे. पिल्लांची आई उभीसुद्धा राहत नव्हती. खरजेनं पाठ सोललेली, थानं जमिनीला टेकलेली, आणि पोटात पुन्हा पिल्लं. मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. परतीच्या बसमध्ये मात्र राग माझ्याकडेच वळला. बाजारात घेतलेलं आमचं पिल्लूही अशाच कुठल्यातरी दारामागून आलं असणार, आणि मी त्याची नखं मोजत बसलो होतो.

साखरखेर्ड्याच्या एका बाईंचा पत्ता माझ्या बसवरच्या जुन्या ड्रायव्हरनं दिला. नवराबायको कांदा आणि भाजीपाला करतात, एकच लॅब्रॅडोर कुत्री, दीडेक वर्षातून एकदा पिल्लं. मी कळवून गेलो नाही. अचानक गेलं की खरं दिसतं, हा माझा धंद्यातला अनुभव. बाई चाळीशीच्या आसपास, हात मातीनं भरलेले. आई दाखवा म्हणायची गरजच पडली नाही, कारण फाटकाशी पहिली ती कुत्रीच आली. मला हुंगलं, माझ्या पिशवीत तोंड घातलं, आणि मागून सात पिल्लं माझ्या चपलांवर तुटून पडली. जागा लख्ख होती. वही होती, तारखा होत्या, डॉक्टरची सही होती. मी मनातल्या मनात बाईंना पास करून टाकलं.

मग त्यांनी मला बाजेवर बसवलं, चहा टाकला आणि विचारायला सुरुवात केली. घरी कोण असतं. कुत्रं बांधणार की मोकळं ठेवणार. गावाला गेलात तर कोण बघणार. मी भराभर उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, आधी कुत्रं होतं का?

मी म्हटलं, होतं एक. म्हातारं होऊन गेलं.

का खोटं बोललो? लाज वाटली, दुसरं काय. त्यांनी विचारलं, किती वर्षांचं होतं. आणि तीस वर्षं लोकांच्या थापा पकडणारा मी, तिथं चहाचा कप धरून आकडा शोधत राहिलो. शेवटी मी सगळं सांगितलं, टोपलीपासून मांडीपर्यंत.

तिकडची बोली जालन्याकडे झुकते, आणि बाईंचा आवाज मऊ होता, पण शब्द मऊ नव्हते. "काका, पार्वो झालेल्या अंगणात मी पिल्लू देत नसते. तो आजार मातीत कितीतरी महिने राहतो. हे बी मरंल."

माझं डोकं सटकलं. मी कुणाला पारखायला आलो होतो आणि ही बाई मलाच तपासत होती. मी म्हणालो, "मी रोख देऊन राह्यलो बाई, फुकट नाही मागून राह्यलो."

"पैशाचं नाही काका. काकू कामून नाही आल्या?"

मी सांगितलं की तिला माहीतच नाही. त्या म्हणाल्या, "मग आधी त्यांना सांगा. ज्यांना सांभाळायचंय त्यांना मी पाहिलं नाही, तर पिल्लू देऊ कुणाला?"

परतताना लव्हाळ्याच्या फाट्यापर्यंत मी त्या बाईला मनात शिव्या देत होतो. घरी आलो तेव्हा बायको ओट्यावर मेथी निवडत बसली होती. सगळं तिच्यासमोर ओतलं, तक्रार म्हणूनच. गावोगाव फिरलो, एक जागा चांगली मिळाली, तर त्या शहाणीनं हाकलून दिलं. बायकोचे हात थांबले.

"तिनं नाही म्हटलं? पिल्लं असून?"

"हाव."

मग तिनं विचारलं, कुत्री दिसायला कशी आहे. पिल्लं कुठं झोपतात. बाई पिल्लांना काय खाऊ घालते. मला निम्म्या गोष्टी आठवत नव्हत्या, पण एवढे प्रश्न तिनं कित्येक दिवसांत मला विचारले नव्हते, म्हणून मी आठवत गेलो. शेवटी ती मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "आणायचं असलं तर तिच्याकडूनच. जिले नाही म्हणता येते, तिच्या शब्दावर भरोसा ठेवता येते मले."

मी अर्धा दिवस या वाक्याशी भांडलो. मग पटलं. काचेच्या पेटीवाला, शेडवाला, टोपलीवाला, यांपैकी कुणीही मला एक प्रश्न विचारला नव्हता. मी पावशेर सुपारी मागितली असती तरी त्यांनी तशीच, काही न विचारता, पुडीत बांधून दिली असती.

बाईंचा फोन नंबर मीच आणून दिला, पण पहिला फोन बायकोनं केला, आणि तो मुख्यतः अंगण धुवायच्या औषधाबद्दल होता. किती पाण्यात किती घालायचं, कोपरे कसे घासायचे, वरची माती काढून कुठं टाकायची. खोरं माझ्या हातात आलं, हे सांगायला नको. पुढचे फोन कांद्याच्या भावाचे, कुत्रीच्या तब्येतीचे, मग मुलीच्या सासरचे. मी ओट्यावर बसून एका बाजूचं बोलणं ऐकायचो. त्या वेतातली सातही पिल्लं इतर घरी गेली, आम्ही एकही मागितलं नाही. वर्ष उलटलं. पुढच्या पिल्लांची बातमी आली तेव्हा बायकोनं ती मला हसत सांगितली. तरी बाईंनी लगेच बोलावलं नाहीच. आमच्या वाटणीच्या पिल्लाला त्यांनी तीन महिने स्वतःकडे ठेवलं, सगळी इंजेक्शनं होईपर्यंत.

आम्ही गेलो त्या दिवशी बायको खुर्चीवर बसली नाही, सरळ जमिनीवर बसली. कुत्री आली, हुंगून गेली. पिल्लू आलं, मादी, कान शरीरापेक्षा मोठे. बायकोनं हात पुढे केला नाही. पदर आवळून नुसती बघत राहिली. मला धाकधूक वाटायला लागली की आता उठेल आणि घरी चला म्हणेल.

बाईंनी हातानं लिहिलेला एक कागद आणला. पिल्लू सांभाळणं जमलं नाही तर ते दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, कोणत्याही वयात असलं तरी परत साखरखेर्ड्याला आणायचं, असं त्यावर होतं. बायकोनं तो दोनदा वाचला. मग मान वर न करता विचारलं, "अन् हे बी गेलं तर?"

बाई जाणार नाही असं म्हणाल्या नाहीत. त्या तिच्या शेजारी बसल्या. "काकू, जिवाची हमी मी नाही देऊ शकत. पण जरा जरी दुखलं तर पहिला फोन मला करायचा. मी येईन. एकट्या नाही बसणार तुम्ही."

तेव्हा बायको रडली. पहिलं पिल्लू गेलं त्या दुपारपासूनचं सगळं रडणं तिनं तिथं, परक्या ओसरीवर, बाईंच्या खांद्याला डोकं टेकून रडून घेतलं. माझेही डोळे भरले, आणि मी ते लपवले नाहीत. पिल्लू तिच्या बांगड्या चावत होतं. तिनं नाक पुसलं आणि बाईंना विचारलं, मला नाही, "मंग जीव लावू का मी हिले?"

"लावा काकू. त्याच्यासाठीच तर एवढे दिवस थांबवलं तुम्हाला."

मी सही करायला पेन मागितलं. बायकोनं ते माझ्या हातातून घेतलं आणि कागदावर सही तिनं केली.