हर्षदा नाटकाला निघाली की

एक सांगा, तुम्ही विश्वास कोणावर ठेवता?

मी पनवेलच्या बाजारात मॅचिंगचं दुकान चालवतो. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस, परकर, आणि थोड्या साड्याही. "काका, हा तुकडा बाजूला ठेवा, उद्या येऊन नेते," असं बाई म्हणाली की मी विश्वास ठेवतो. ट्यूबलाइटवर मात्र नाही. तिच्या उजेडात राणी रंग वांगी दिसतो, म्हणून मी गिऱ्हाइकाला सरळ रस्त्यावर उन्हात नेतो. एवढं सगळं धंद्यानं शिकवलं. पण हौसेनं नटून बाहेर पडलेल्या तरण्या पोरीच्या बाबतीत विश्वास कोणावर ठेवायचा, ते अजून कोणी शिकवलेलं नाही.

दुकानात किस्से साठतात ते कटपीससारखे. ताग्याचा उरलेला तुकडा टाकवत नाही, विकलाही जात नाही. तो काउंटरखालच्या खोक्यात जातो. मग एखाद्या दिवशी खोका ओतावा, तर निम्मे तुकडे एकाच ताग्याचे निघतात! माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या हर्षदाचे आहेत. ऐकणारे पोट धरून हसतात. पण घडत असताना माझ्या पोटात गोळा आला नाही, असा त्यातला एकही नाही.

*

हर्षदा जवळच्या जासई गावची. वडील हिराजी कंटेनरचा ट्रेलर चालवतात. कॉलेज संपवून ती माझ्याकडे काम मागायला आली.

मी विचारलं, "तुला काय येतं?"

ती म्हणाली, "काका, आधी दारातल्या त्या डमीच्या अंगावरचं काढा. तिला लाज वाटतेय!"

मी तिथल्या तिथे ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं. आत अंधार. आणि काउंटरपाशी एक बाई पाठमोरी उभी! केस कमरेपर्यंत सोडलेले, नऊवारी नेसलेली, वर डेनिमचं जॅकेट.

"कोण आहे?" मी म्हणालो.

बाई गप्प.

हातात किल्ल्यांचा जुडगा होता, तोच फेकून मारला. नेम बरोबर लागला आणि बाईचं मुंडकं गळून गडगडत माझ्या पायाशी आलं! मागे चहावाला उभा होता. तो ग्लास टाकून पळाला आणि बाजारभर सांगत सुटला, "मॅचिंगवाल्यानं बाईचं डोकं उडवलं!"

तेवढ्यात हर्षदा आली. जमिनीवरचं डोकं उचललं, विग झटकला आणि माझ्यावरच चिडली. "काय हो काका! काल दुकान बंद करताना किती मन लावून नटवली होती मी तिला!"

मुंडकं बघायला अख्खा बाजार लोटला. त्या डमीला नेसवलेल्या ताग्याचा माल संध्याकाळपर्यंत संपला, ते सोडा. मी मात्र आठवडाभर शटर वर करायच्या आधी बाहेरून दोनदा ठोकत होतो.

*

तिचे नाद तीन. कपडे, पिक्चर आणि नाटक. तिन्ही एकमेकांत गुंतलेले. पिक्चर लागला की त्यातल्या हिरॉइनच्या बाह्या आमच्या दुकानात सोमवारी हर्षदाच्या अंगावर आल्याच म्हणून समजा. नाटकाचे तर तिचे नियम होते.

"रडायच्या नाटकाला टिकल्यांचा ड्रेस घालायचा नसतो काका. शेजारच्याचं रडण्यातून लक्ष उडतं."

एकदा हिराजी दुकानात आले. ट्रेलर पळस्प्याच्या नाक्यावर उभा करून, खास एवढ्यासाठी. चहा घेतला नाही.

"शेठ, पोर तुमच्याकडं कामाला हाय म्हनून पनवेलला येते. तिचं त्या पिक्चर-नाटकाला जानं मला नाय आवडत. रडते, म्हनून सोडतो. पन मी रस्त्यावरचा मानूस हाय. रस्त्यावर काय काय चालतं ते मी डोल्यानं बगतो. एक जरी गोष्ट उलटसुलट कानावर आली ना, दुसऱ्या दिवशी पोर घरी. दुकान बंद, नाटक बंद. मंग आमी स्थल बगू."

मी म्हणून गेलो, "माझी जबाबदारी."

बोलायला किती सोपं! हिराजी गेल्यावर परकरांच्या ढिगामागून हर्षदाचं तोंड वर आलं. "काका, थँक यू!"

"थँक यू काय! आता तू शिंकलीस तरी मला धडकी भरणार आहे!"

*

त्यानंतरचा पहिला शुक्रवार. भुताचा पिक्चर. हर्षदा मैत्रिणीबरोबर गेली होती, लांब गोंड्यांची ओढणी घेऊन. त्या ओढणीला रेशमी गोंडे तिनं स्वतः लावले होते.

पडद्यावर भूत जिना चढत होतं. थिएटरात चिडीचूप. आणि हिच्या ओढणीचा एक गोंडा पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मानेवर हळूच उतरला.

"आली! आली ती!" तो माणूस असा काही ओरडला, की सगळं थिएटर उभं राहिलं. बायका किंचाळल्या, पोरं रडली, दिवे लागले. तो गडी दारापर्यंत पोचलासुद्धा होता.

दिव्यात हर्षदानं त्याचा चेहरा बघितला आणि तीच सीटखाली गेली. जासईचा! हिराजींच्या घराला घर लागून!

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली ती पांढरीफटक. "काका, त्यानं मला बघितलं असेल तर संपलं हो." दिवसभर तिच्या कात्रीखाली एक तुकडा सरळ कापला गेला नाही.

संध्याकाळी माझा फोन वाजला. हिराजी. हर्षदा माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे.

"शेठ," हिराजी दबक्या आवाजात म्हणाले, "त्या थेटरात भूत हाय. आमच्या शेजाऱ्यानं सोताच्या मानेवर त्याचा हात पायला. पोरीला सांगा, पिक्चर बगायचा तर दुसऱ्या थेटरात जा!"

*

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नवा माल आला की दुकानातल्या पोरीनं तो नेसून चार लोकांत फिरायचं. घडीत दिसत नाही ते अंगावर दिसतं. हर्षदाला तर हे आयतंच मिळालं! नवी साडी, लेबल आत खोचलेलं, आणि चालली नाटकाला. इंटरव्हलमध्ये बटाटवडा खायचा तर मान बगळ्यासारखी पुढे काढून, डाग पडू नये म्हणून.

एका रविवारी प्रयोग चालू असायच्या वेळेला तिचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"काका, इथे एक बाई माझा हात सोडत नाहीये!"

मी ताडकन उठलो. "कोण बाई? तू आहेस कुठे? लोकांना हाक मार आधी!"

पलीकडे कुजबुज झाली. मग हर्षदा म्हणाली, "ती विचारतेय, हीच साडी मोरपंखीत आहे का!"

*

इथपर्यंत मीही तुमच्याबरोबर हसतो. पुढचं मात्र मला अजून हसत सांगता येत नाही.

पावसाळा सरल्यावर हर्षदा गप्प गप्प राहायला लागली. नटणं बंद. साधा कुर्ता, केस बांधलेले. काकूंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, दुकानात येऊन खोदून विचारलं तेव्हा बोलली.

"एक माणूस माझ्या मागे असतो. मोटरसायकलवर. काळं हेल्मेट, काच खाली. चेहरा दिसत नाही. मॉलला गेले की मॉलबाहेर. नाट्यगृहाला गेले की पार्किंगमध्ये. मी रिक्षात बसले की त्याची गाडी सुरू होते. जवळ येत नाही, काही बोलत नाही. नुसता असतो."

मी दाराशी गेलो. समोर औषधाच्या दुकानाखाली मोटरसायकल उभी. तिच्यावर काळं हेल्मेट घातलेला माणूस, तोंड आमच्याकडे. उन्हात त्या काचेवर आमच्याच दुकानाची पाटी दिसत होती. मी मीटरची पट्टी घेऊन रस्ता ओलांडायला लागलो, तसा तो गाडी वळवून निघून गेला. मी तसाच दुकानात परत आलो.

"हिराजींना सांगू या," मी म्हणालो.

"सांगा. मग काय होईल? त्याला काही होणार नाही काका. घरी मी बसेन."

"पोलिसात जाऊ."

"ते पहिला फोन कोणाला करतील? बाबांनाच!"

सांगावं, तर पोर कायमची घरात. न सांगावं आणि काही बरंवाईट झालं, तर हिराजींना तोंड कसं दाखवायचं? मी जबाबदारी घेतली होती.

"निदान या रविवारी नाटकाला जाऊ नकोस."

ती लेसचं बंडल गुंडाळायला लागली. मग म्हणाली, "तिकीट काढलंय. आज नाटक सोडलं की उद्या दुकान सुटेल. मला माहितीय ना कसं होतं ते."

"मग मी येतो बरोबर."

"तुम्ही आलात तर मी नाटक बघू, की तुमचं बीपी?"

जाताना तिनं दुकानातली छोटी कात्री पर्समध्ये टाकली. माझ्यापासून लपवून नव्हे, माझ्यासमोर.

मग मी शौकतभाईंना गाठलं. शौकतभाई आमच्या ओट्यावर बसून साड्यांना फॉल-बिडिंग करतात. माणूस काडीसारखा, पण जिगरबाज. "शेठ, तुम्ही बेफिकीर राहा," ते म्हणाले. "पोरीच्या केसाला धक्का लागणार नाही. तिला कळणारही नाही, मी वेष पालटून जातो." वेष पालटणं म्हणजे काय, तर जावयानं दुबईहून आणलेला काळा गॉगल!

*

रविवारी दुपारचा प्रयोग. मी दुकानात एकच इलॅस्टिक पुन्हा पुन्हा मोजत बसलो होतो. मला राहवेना. मीटरची पट्टी हातात तशीच घेऊन मी नाट्यगृहाकडे निघालो.

आत काय झालं ते नंतर कळलं. हेल्मेटवाला हेल्मेटसकट हर्षदाच्या मागच्या रांगेत येऊन बसला होता. त्याच्या मागचे लोक ओरडले, "अहो, ते डोकं काढून ठेवा!" तेव्हा अंधारात त्यानं हेल्मेट काढलं आणि तोंडाला रुमाल बांधला. शौकतभाई सरकत सरकत त्याच्या शेजारच्या खुर्चीवर पोचले.

हर्षदानं हळूच मान वळवली. मागे एक रुमालवाला. त्याच्या शेजारी काळोखात काळा गॉगल लावलेला आणखी एक! त्या क्षणी दोघंही स्टेजकडे बघत नव्हते. दोघंही तिच्याकडे बघत होते.

कालपर्यंत एक होता, आता दोन झाले! ती रांगेच्या मधोमध अडकलेली. दोन्ही बाजूंना लोक हसतायत, टाळ्या वाजवतायत. स्टेजवर कोण काय बोललं, एक अक्षर तिच्या कानात शिरलं नाही. पर्समध्ये हात घालून कात्री धरून बसली होती. घामानं कात्री निसटत होती, म्हणे.

इंटरव्हलचे दिवे लागले. ती उठली. हेल्मेटवाल्यानं हेल्मेट चढवलं, तोही उठला. गॉगलवालाही उठला. ती बाहेरच्या हॉलकडे धावली, मागून ते दोघं.

मी पायऱ्या चढून हॉलमध्ये शिरतोय तोच शौकतभाईंनी मागून हेल्मेटवाल्याचं जॅकेट पकडलं. "कुठे चाललास रे?" तो गरकन वळला आणि त्यानं शौकतभाईंची कॉलर गच्च आवळली.

आता शिंप्याच्या कॉलरला कोणी हात घालतं का? शौकतभाईंच्या साऱ्या सुया तिथेच खोचलेल्या असतात!

"आयोऽऽ! मेलो!"

ती आरोळी ऐकून पळणारी हर्षदा जागच्या जागी थांबली. वळली.

"मामा?"

हेल्मेट निघालं. आत मोरा बंदराचे गजामामा, तिच्या आईचे सख्खे भाऊ. तळहाताला सुया लोंबतायत आणि दुसऱ्या हातानं शौकतभाईंकडे बोट दाखवतायत. "हर्षू, तू पल! यो गॉगलवाला तुझ्या मागं हाय!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराजी आले. मागे गजामामा, हाताला पट्टी.

"पर्स घे. घरी चल," हिराजी म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओट्यावर शौकतभाईंची सुई थांबली.

हर्षदा ब्लाउजपीसची घडी घालत होती. ती पूर्ण घातली.

"बाबा, मला कोणी काय केलं, म्हणून घरी नेताय?"

हिराजी दाराकडे वळले.

"मामाला हेल्मेट घालायला कोणी सांगितलं?"

"मीच. तुझ्या राखनीला धाडला होता, तुला मानूस ओलखू येऊ नये म्हनून हेल्मेट. मी भ्यालो होतो, पोरी."

"मी पण भ्याले होते. झोपताना कात्री उशाशी घेत होते. कोणाला? मामाला!" तिचा आवाज तेवढ्या एका शब्दावर फाटला.

मग गजामामा खाकरले.

"पन हर्षू, नाटकातल्या त्या बाईनं शेवटी दार उघडलं का गो? आपल्याला निम्म्यातच निघावं लागलं..."

हिराजींनी मेहुण्याकडे असं बघितलं, की मी मध्ये स्टूल सरकवलं. ते बसले. जमिनीकडे बघतच म्हणाले, "चहा सांगा शेठ."

हर्षदानं डोळे पुसले आणि कात्री पर्समधून काढून माझ्यासमोर काउंटरवर ठेवली.

"काका, येत्या रविवारी तेच नाटक परत आहे. माझंही निम्मं राहिलंय. तर तुम्ही, बाबा, शौकतभाई, सगळे बसा आणि माझ्या मागे कोणाकोणाला पाठवणार ते मोजा. हिशोब मात्र खरा द्या, एक माणूस लपवू नका. तेवढी तिकिटं मी माझ्याच रांगेत काढते!"