राजधानी पाहिलेला माणूस

बाबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. ते एवढंच म्हणाले, "आबाजी गेले. सावकाश ये." मी लॅपटॉप बंद केला आणि पुण्यातल्या मांजरी भागातल्या आमच्या घरी आले. त्या दिवशी रडू आलं नाही. दोन दिवसांनी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी माझ्या आजोबांना 'महाराष्ट्राचे एक सच्चे सुपुत्र' असं लिहिलं, तेव्हा आधी हसू आलं आणि मग रडू. आबाजींनी लगेच दुरुस्ती मागितली असती. वेगळा विदर्भ व्हावा म्हणून ते तरुणपणापासून लढले आणि म्हातारपणी मुलाच्या नोकरीपायी पुण्यात येऊन राहिले, पण मागणी त्यांनी सोडली नाही. एक मेला सोसायटीत झेंडावंदन होई. ते तिरंग्याला कडक सलाम करत आणि महाराष्ट्र दिनाची जिलबी मात्र नम्रपणे परत करत. लहानपणी मला याची लाज वाटायची. शेजारचे काका एकदा म्हणाले, "अहो, एवढं वेगळं व्हायचंय, तर पुण्यात कशाला राहता?" आबाजी शांतपणे म्हणाले, "पोरगं इथं नोकरीले हाये म्हणून. आमचं राज्य झालं असतं तर तिकडंच राहिलं असतं. तुमच्या पार्किंगमधली एक गाडी कमी झाली असती."

गेल्या वर्षी पुण्यात नोकरी करणाऱ्या विदर्भातल्या मुलांनी एक संघटना काढली. त्यांच्या फलकावर जुन्या प्रांताचा नकाशा होता, मधोमध राजधानी नागपूर, आणि खाली 'ते वैभव परत आणू'. ज्यांचे वडीलही तेव्हा जन्मले नव्हते, अशी ही मुलं. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली आणि नागपूरची राजधानी गेली, तेव्हा आबाजी शाळेत होते. ते वैभव डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुण्यात सापडला, याचा संघटनेचा प्रमुख निखिल याला फार आनंद झाला. कसबा पेठेतल्या एका हॉलमध्ये सभा ठरली, आबाजी प्रमुख पाहुणे. चळवळीच्या सभांना त्यांनी चाळीस वर्षं सतरंज्या अंथरल्या होत्या, व्यासपीठावर कधी कुणी बसवलं नव्हतं. त्यांनी केस कापून घेतले, आईकडून झब्बा दोनदा इस्त्री करून घेतला. नजर अधू झाली होती, म्हणून भाषण त्यांनी सांगितलं आणि मी मोठ्या अक्षरांत टाइप केलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. एवढं सलग मराठी मी पहिल्यांदाच लिहीत होते.

सभेआधी निखिलने ते कागद वाचले आणि एका परिच्छेदावर बोट ठेवलं. "आबाजी, हे आज नको ना. लोक उमेदीनं आलेत. बाकी सगळं मस्त आहे."

"मंग मले काहून बोलावलं? राजधानी पाह्यलेला माणूस पाहिजे होता ना तुले?"

"हो, पण..."

"तर पाह्यलं तेच सांगीन."

निखिल माझ्याकडे बघायला लागला. मी कागद नीट लावायला घेतले. मलाही वाटत होतं, त्यांनी तेवढं गाळावं. त्यांना व्यासपीठावरच्या खुर्चीत बसलेलं मला बघायचं होतं, आणि ती खुर्ची आता हातची जाणार हे दिसत होतं.

त्यांनी गाळलं नाही. कागदाकडे न बघताच बोलले. त्यांचे वडील राजधानीतल्या एका सरकारी कचेरीत पट्टेवाले होते. साहेबांच्या फायली त्यांच्या हातून जायच्या, पण आतल्या माठाला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. त्यांच्या जातीच्या माणसांसाठी जिन्याखाली वेगळं मडकं होतं. "माझ्या बापानं वैभव पाह्यलं ते जिन्याखालून," आबाजी म्हणाले. "मले ते परत नको. विदर्भ पाहिजेच. पण जिथं माझ्या बापाले आतल्या माठातलं पाणी भेटलं असतं, असा पाहिजे. तो अजून एकदाही झाला नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "झालं, विरोधकांची सोय झाली." काहीजण उठून गेले. शाल-नारळ घाईघाईत उरकला, आणि संघटनेच्या फेसबुक पानावर सभेचे फोटो आले त्यात आबाजी नव्हते. परतताना रिक्षात मी विचारलं, "वाईट वाटलं का?"

"वाटलं ना, माय," ते म्हणाले आणि शालीची घडी करू लागले. मग म्हणाले, "टायपिंगमध्ये एकबी चूक नव्हती म्हणते निखिल."

महिनाभर कुणी फिरकलं नाही. मग एका रविवारी दुपारी निखिल एकटाच आला. चहा संपेपर्यंत पावसापाण्याचं बोलला आणि कप खाली ठेवत म्हणाला, "माझे आजोबा त्याच कचेरीत हेडक्लार्क होते, आबाजी. आतल्या माठातलं पिणारे." आबाजी म्हणाले, "मंग तर तुले माह्या बापाचं सगळंच सांगाले पाहिजे. बस." पुढच्या रविवारी तो दोघांना घेऊन आला, मग पाचजणांना. वाद व्हायचे, आवाज चढायचे, शेजारचे काका गॅलरीतून खाकरायचे. फलकावरचा मजकूर बदलला. तो आबाजींनी बदलायला सांगितला नव्हता.

ते गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात सहाजण होते, दोन मुली नव्या. सगळे सवयीने भिंतीशी बसले आणि खिडकीजवळची आबाजींची वेताची खुर्ची रिकामी राहिली. नव्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, "आम्हाला त्यांच्या वडिलांबद्दल ऐकायचं होतं..." निखिलने माझ्याकडे पाहिलं. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी एरवी चहा टाकायला आत जाते. त्या दिवशी आईला म्हटलं, चहाचं तू बघ, आणि त्या खुर्चीत जाऊन बसले.