कंदील विझला नाही

मल्लिनाथ गेल्याचं मला मिलच्या बॉयलर हाऊसमध्ये कळलं. सकाळच्या पाळीचा भोंगा होऊन गेला होता. त्याच्या दुकानाशेजारचा सायकलवाला फाटकावर येऊन उभा होता. मला बघून म्हणाला, "तुमचे जहाजवाले गेले की हो पहाटे." मल्लिनाथनं जहाज सोडून पाच वर्षं उलटली होती, स्टेशनाजवळच्या एका बोळात तो पंप दुरुस्त करत बसायचा, तरी लोकांनी ते नाव काही सोडलं नव्हतं. कावीळ झाली होती, ती त्यानं अंगावर काढली आणि इस्पितळात गेला तेव्हा फार उशीर झाला होता. दुपारी मंद्रूपला त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे बसवून त्याला माती दिली. मीही मूठभर माती टाकली. त्याला आता पाच आठवडे होतील.

गेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहावं म्हणतात. मल्लिनाथविषयी तसं लिहायला मला काही कष्ट नाहीत. अडचण माझी आहे. एक गोष्ट त्याला सांगायची होती, ती सहा वर्षं मी सांगितली नाही, आणि ती वगळून हा लेख लिहिला तर तो खोटा होईल.

आम्ही दोघं सोलापुरात टेक्निकल स्कूलला एका बाकावर होतो. मी साखरपेठेतल्या विणकराच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. तो मंद्रूपचा, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. वर्गात दोघांचंही मराठी ऐकून मास्तर कपाळाला हात लावायचे. मी मिलमध्ये चिकटलो. तो मुंबईला गोदीच्या कारखान्यात उमेदवारी करून परीक्षा देत देत जहाजावर इंजिनिअर झाला. समुद्र न पाहिलेल्या त्या गावातून जहाजावर जाणारा तो पहिलाच. त्याच्या आईला, म्हणजे अव्वाला, शेवटपर्यंत वाटायचं की जहाज म्हणजे भीमेतल्या नावेहून जरा मोठं काहीतरी असावं.

मोठं इंजिन त्याच्याकडं नव्हतंच. त्याचं खातं ऑक्झिलरी, म्हणजे जहाजावरची बाकीची सगळी यंत्रं: जनरेटर, नाना तऱ्हेचे पंप, हवेचा कॉम्प्रेसर, तेल साफ करायची यंत्रं, समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारा बाष्पक. रजेवर आला की माझ्या बॉयलर हाऊसमध्ये तासन्‌तास बसायचा. म्हणायचा, "नरसू, मोठं इंजिन बंद पडलं तर जहाज नुसतं थांबतं रे. माझी धाकटी यंत्रं बंद पडली तर उजेड न्हाई, पाणी न्हाई. माणसं जगतात ती धाकट्यांच्या जिवावर." हे म्हणताना चालू पंपाच्या अंगाला तो हाताची उलटी बाजू लावून बघायचा, आई तापलेल्या पोराला बघते तशी. पंपाची कूस तापली की त्याचा चेहरा उतरायचा. मला त्याचा हेवा वाटायचा, हे इथंच सांगून टाकतो. टेरिलिनचा शर्ट, परदेशी घड्याळ, आणि मिलमधल्या साहेबांनीही खुर्ची द्यावी असं इंग्रजी.

एकदा पत्रात त्यानं बंद टाक्यांविषयी लिहिलं होतं. जहाजाच्या तळाला पाण्याच्या मोठ्या टाक्या असतात. त्या महिनोन्‌महिने बंद राहिल्या की लोखंड गंजतं आणि तो गंज आतली हवा खाऊन टाकतो. आत उतरलेला माणूस हाकसुद्धा न मारता कोसळतो. म्हणून आधी दोरीनं जाळीचा दिवा आत सोडायचा. दिवा विझला तर हवा नाही, कुणी उतरायचं नाही. दिवा जळत राहिला तर उतरायचं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, "हे मला आता झोपेतही करता येईल."

बहात्तरच्या दुष्काळात तो रजेवर आला. मंद्रूपला त्यांच्या मळ्यातली विहीर अजून तग धरून होती, आणि भोवतालच्या वस्तीची माणसं नि जनावरं तिच्यावरच जगत होती. पण पाणी इतकं खाली गेलं की काठावरचं रॉकेलचं इंजिन नुसतंच फडफडायचं, पाणी वर येईना. मल्लिनाथनं मला बोलावून घेतलं. मी म्हणालो, पाइपाचे सांधे आवळू, पंपाचं पॅकिंग बदलून बघू. सगळ्या वस्तीदेखत तो हसला. "नरसू, पंप पाणी ओढत नसतो, बाहेरची हवा ते वर ढकलत असते. आणि ती पंचवीस फुटांपुढं ढकलत न्हाई. पॅकिंग बदलून निसर्ग बदलतोय व्हय? बॉयलरमधून भाईर ये जरा!" माणसं खो खो हसली. त्याच्या मनात काही नव्हतं, शाळेपासून आम्ही एकमेकांची अशीच टर उडवत आलो होतो. पण त्या दिवशी मला ते लागलं. खरं म्हणजे तो बरोबर होता म्हणूनच लागलं.

मग इंजिन आणि पंप दोन्ही विहिरीत उतरवायचं ठरलं. पाण्यापासून थोड्या उंचीवर खडकात एक कट्टा होता. दोरखंड आणि कप्पी लावून, दहा-बारा जणांनी धरून इंजिन त्या कट्ट्यावर बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुरू झालं, पाणी वर आलं. बायका घागरी घेऊन धावल्या. मल्लिनाथचा थोरला भाऊ बसवराज, ज्याला सगळी वस्ती अण्णा म्हणायची, तो धाकट्याकडं अशा कौतुकानं बघत होता की मला हसू आलं. तो म्हणाला, "आमचा मल्लू समिंदराचं पानी ग्वाड करतोय, हिरीचं काय घिऊन बसलाव!"

दुपारी पाणी यायचं थांबलं. तळाच्या झडपेत गाळ अडकला असणार. वरून दोरी ओढून इंजिन बंद केलं. कुणीतरी खाली जाऊन झडप मोकळी करायला हवी होती. अण्णानं धोतर खोचलं, तेवढ्यात मल्लिनाथ ओरडला, "थांब! आधी दिवा." त्यानं घरातून कंदील मागवला, पेटवला, दोरीला बांधला आणि हलक्या हातानं आत सोडला. कंदील कट्ट्यावर टेकला. घड्याळ बघून त्यानं दहा मिनिटं वाट पाहिली. वस्तीची माणसं, हा कसला मंत्र म्हणून, श्वास रोखून बघत होती. ज्योत हललीसुद्धा नाही.

आता माझं सांगतो. त्याच्या दोन वर्षं आधी आमच्या मिलमधला एक राखणदार थंडीत खोली बंद करून आत कोळशाची शेगडी पेटवून झोपला होता. सकाळी दार फोडलं तेव्हा तो मेलेला होता आणि त्याच्या उशाचा कंदील जळत होता. आमचे इंजिनिअर साहेब तेव्हा म्हणाले होते, कोळसा, रॉकेल अर्धवट जळलं की जो वायू होतो तो माणूस मारतो, दिवा विझवत नाही. हे मला माहीत होतं. विहिरीच्या काठावर उभा असताना ते मला आठवलंही. जहाजाच्या बंद टाकीत हवा नसते, ती दिव्याला कळते. इथं सकाळपासून इंजिन धूर ओकत होतं. याचं काय, असं विचारायला मी तोंड उघडलं... आणि मिटलं. म्हटलं, असेल बुवा. जहाजावरचा माणूस आहे, परत काही बोललो तर परत हसतील.

मल्लिनाथ स्वतः उतरायला निघाला होता. अण्णानं त्याला बाजूला सारलं. "पायऱ्या मला पाठ हायत. तू सुटाबुटातला, घसरशील." मल्लिनाथ म्हणाला, "बरं. उतर, अण्णा." अण्णा उतरला, कट्ट्यावर पोचला, पाइपाला हात घातला. मग कुणी दमून बसावं तसा खाली बसला आणि बसल्याजागी कलंडून पाण्यात गेला. हाक नाही, काही नाही. मल्लिनाथनं कमरेला दोर बांधून घेतला आणि खाली गेला. दोर मी आणि आणखी तिघांनी धरला होता. त्यानं भावाला दोरात अडकवलं एवढं खरं. आम्ही दोघांनाही वर ओढलं. मल्लिनाथ ओकत होता, डोळे फिरले होते, तो वाचला. अण्णा नाही वाचला. संध्याकाळी कुणाला तरी विहिरीतल्या कंदिलाची आठवण झाली. तो अजून जळत होता.

वस्तीनं विहिरीला दोष दिला. बळी घेतला म्हणाले, नारळ फोडला, कोंबडं सोडलं. अव्वानं देवाला दोष दिला. अण्णाच्या बायकोनं, नीलावहिनीनं, कुणालाच दिला नाही. मल्लिनाथला मात्र कुणी सांगायची गरज नव्हती. अण्णा गेल्याच्या चौथ्या दिवशी त्यानं मला गोठ्यामागं नेलं आणि विचारलं, "नरसू, दिव्याला तो वायू कळत न्हाई. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं रे. हाताला सवय होती, डोक्याला विचारलंच न्हाई. तुला ठाऊक होतं का?"

मी म्हणालो, "नाही. मला कुठलं ठाऊक?"

का म्हणालो? भीतीनं. त्या क्षणी मी हो म्हटलं असतं तर त्याचं ओझं निम्मं झालं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण उरलेलं निम्मं माझ्या डोक्यावर आलं असतं आणि ते घेऊन त्या घरात मला उभं राहता आलं नसतं. मी पळपुटा निघालो, आणखी काय?

तो पुन्हा एकदा जहाजावर गेला. आठ महिन्यांत परत आला तो कायमचा. काय झालं ते त्यानं एकदाच सांगितलं. एक टाकी तपासायची होती. यानं रीतीप्रमाणे जाळीचा दिवा सोडला. तिथं धुराचा प्रश्न नव्हता, दिवा स्वच्छ जळत होता, खलाशी काठावर तयार उभे होते. पण 'उतरा' हा शब्द याच्या तोंडातून फुटेना. खलाशी थांबले, वरचा इंजिनिअर येऊन ओरडला, तरी हा दोरी धरून तसाच उभा. शेवटी दुसऱ्यानं हुकूम दिला आणि माणसं सुखरूप उतरून सुखरूप वर आली. त्या बंदरावर त्याला उतरवून घरी पाठवलं. त्यानंतर त्यानं बोळात ते दुकान थाटलं. विहिरीत इंजिन उतरवायचं काम घेऊन कुणी आला की त्याला हाकलून द्यायचा, वर शिव्या द्यायचा. लोक दुसरीकडं जायचे. पुढं गावोगाव वीज आली, विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं आपोआप काठावर आली आणि भंगारात गेली. ते बघून तो एवढंच म्हणाला, "चार वर्षं आधी आली असती तर..."

मरणाच्या आदल्या आठवड्यात मी इस्पितळात त्याच्याजवळ बसलो होतो. अंग हळदीसारखं पिवळं झालं होतं. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. "मल्लू, एक सांगायचंय," एवढं म्हणालोही. त्यानं माझा हात धरला. पुढं तोच बोलला, थांबत थांबत. "त्या दिवशी तू काठावर होतास... ते बरं झालं. तुला ठाऊक असतं तर तू बोलला असतास. हसलो असतो मी, पण तू बोलला असतास. तेव्हा चूक माझी एकट्याची, त्यात शंका न्हाई. माणसाला एक काहीतरी पक्कं लागतं बघ." मग विचारलं, "काय सांगायचंय?" मी म्हणालो, "काही नाही, मिलमध्ये नवा बॉयलर येतोय."

तेव्हा मरणाऱ्याला आता कशाला, अशी मी मनाची समजूत घातली. त्या समजुतीला आज काही अर्थ नाही. तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मी मंद्रूपला गेलो आणि सगळं नीलावहिनींना सांगितलं. त्या सोप्यात जोंधळे पाखडत होत्या. राखणदार, शेगडी, माझं उघडून मिटलेलं तोंड, गोठ्यामागं बोललेलं खोटं, काही ठेवलं नाही. त्यांचा सुपाचा हात थांबला नाही. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे तुमास्नी ठावं व्हतं."

"होय, वहिनी."

वहिनी म्हणाल्या, "दर बाजाराच्या दिशी यायचं आमचं मल्लूभावजी. पोरांचं बघायचं, दळण आणून द्यायचं. पर ह्या घरात पान्याचा थेंब घेतला न्हाय त्येनी, सा वरसं. म्या पाय धरलं की हो त्येंचं. म्हनलं, माझ्या मनात काय न्हाय, प्या. तर म्हनायचं, वैनी, तुमाला त्यातलं कळत न्हाय, तुमी माफी दिऊन काय उपेग? ज्येला इंजनातलं कळतंय त्यो एकच, नरसू. त्येलाबी म्हाईत नव्हतं. मंग मी एकटाच की." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुमी एकडाव व्हय म्हनला आसता, तर त्यो मानूस हितं बसून पानी प्याला आसता."

जायला उठलो तर त्या आत गेल्या आणि पाण्यानं भरलेला पितळी तांब्या माझ्यापुढं आदळला. थोडं पाणी जमिनीवर सांडलं. मल्लिनाथ यायच्या दिवशी त्या हाच तांब्या भरून उंबऱ्याशी ठेवायच्या, आणि तो गेल्यावर तसाच भरलेला उचलायच्या. अजूनही बाजाराच्या दिवशी हात आपोआप भरतो, म्हणाल्या.

"प्या," त्या म्हणाल्या.

"वहिनी, हे त्याच विहिरीचं..."

"मंग? दुसरी कुटली हाय आमाला?"

त्या समोर उभ्या राहिल्या, आणि तांब्या रिकामा होईपर्यंत हलल्या नाहीत.