आत दुमडलेला दीड इंच

औषधांच्या कारखान्याच्या फाटकासमोर, एका जिन्याखालच्या खोलीत टेलर मावशींचं दुकान होतं. छप्पर इतकं तिरकं, की येणाऱ्याला आधी वाकावं लागे आणि मग बोलावं लागे. "माझ्याकडे सगळे नम्रच होऊन येतात," असं मावशी म्हणायच्या. अर्ध्या खोलीत त्यांचं पायमशीन आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत काकांचं इस्त्रीचं टेबल. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण दोघांची भांडणं अजून इस्त्रीच्या वाफेवरून सुरू व्हायची आणि वाफेसारखीच विरून जायची.

मावशींचं बरंचसं काम कारखान्यातल्या बायकांचं. बाटल्या भरायच्या हॉलमध्ये बावीस जणी कामाला होत्या. कंपनी त्यांना निळा कोट द्यायची, पण तो पुरुषांच्या मापाचा आणि सगळ्यांना एकच. खांदे दंडावर उतरायचे, बाह्या बोटं गिळायच्या, कमरेपाशी घोळ लोंबायचा. एकदा एकीची बाही चालत्या पट्ट्यात अडकली, हात थोडक्यात वाचला. दुसऱ्याच दिवशी चारजणी मावशींकडे कोट घेऊन आल्या. मग हळूहळू इतरही. बावीसपैकी सोळा जणींनी कोट आत घेऊन मागितले. उरलेल्या सहा जणींना तो मुळातच बसत होता. "देवाने आम्हाला कंपनीच्या मापाचंच केलंय," असं म्हणून त्या हसायच्या.

मावशींची एक पद्धत होती. आत घेताना त्या कधी कापड कापत नसत. जास्तीचं कापड आत दुमडून नीट टाके घालायच्या. "अंगाचा काय भरवसा? आज एक, उद्या दुसरं," त्या सांगत. दुसरी पद्धत वहीची. सगळे कोट सारखेच दिसायचे, म्हणून कॉलरखाली कंपनीने छापलेला नंबर आणि त्यापुढे किती इंच आत घेतलं, एवढं त्या लिहून ठेवायच्या.

एकोणीस नंबर त्या मुलीचा. बाटल्यांना लेबलं चिकटवायची म्हणून हॉलमध्ये तिला सगळ्या 'लेबल'च म्हणत. बावीसमध्ये सगळ्यांत लहान. पहिल्यांदा आली तेव्हा कोटात अशी हरवली होती, की काकांनी विचारलं, "आत कोणी आहे का?" दोन्ही बगलांखाली दीड-दीड इंच आत घेतल्यावर ती आरशात बाजूने, मागून, पुन्हा बाजूने बघत राहिली. "मावशी, आता कुठे मी माणसात आले!" मावशींनाही ती फार गोड दिसली. तसं त्यांनी तिला सांगितलंही.

त्यानंतर वर्षाने ते घडलं. एका दुपारी सुपरवायझरने रिकामी खोकी बघायची आहेत म्हणून तिला गोदामात बोलावलं आणि आतून दार लावून घेतलं. ती बाहेर आली तेव्हा कोट बगलेपासून खालपर्यंत फाटलेला होता. शिलाई उसवली नव्हती, शिलाईच्या शेजारचं कापड फाटलं होतं. मावशींना हे नंतर कळलं आणि ते त्यांच्या मनातून जाईना. शिलाईपेक्षा कापड आधी फाटायला किती जोर लावावा लागतो, ते त्यांना ठाऊक होतं.

मुलीने त्याच संध्याकाळी लेखी तक्रार दिली. कोट पाकिटात घालून वर लाख लावली गेली. सुपरवायझर वीस वर्षांचा जुना, नाकासमोर चालणारा म्हणून नावाजलेला. तो एवढंच म्हणाला, "आधी तिचा कोट बघा. कंपनीचा कोट असा असतो का? मुद्दाम आवळून घेतलाय." दोन दिवसांत गोदामाचं नाव कोणाच्या तोंडी राहिलं नाही. कॅन्टीनमध्ये, फाटकावर, बसथांब्यावर, जिथे तिथे कोटच.

काकासुद्धा इस्त्री फिरवता फिरवता म्हणाले, "माणूस वाईटच. पण पोरीने एवढं घट्ट तरी कशाला करून घ्यावं?"

"घट्ट नव्हता, बेताचा होता," मावशी म्हणाल्या. "आणि तो दीड इंच माझ्या हातचा आहे. मला विचारा काय विचारायचं ते."

काकांनी इस्त्री उभी करून ठेवली. "तसं नव्हे गं."

"मग कसं?"

त्यांनी पुन्हा इस्त्री उचलली.

चौकशी समितीचं पत्र आलं तेव्हा मावशींना उलट बरंच वाटलं. येत्या सोमवारी वही घेऊन हजर राहावं, असं त्यात होतं. "बघतील ना वही," त्या काकांना म्हणाल्या. "सोळा जणींचं माप आहे तिच्यात. कितीतरी जणींचा तोच दीड इंच. एकटीचं नाव कसं घेतील?" मुलीलाही त्यांनी निरोप पाठवला, की घाबरू नकोस, माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी हॉलमधली चष्मेवाली आली. पिशवीत कोट. "मावशी, जरा सैल करून द्या ना. उकडतं फार."

मावशींनी उसवून दिला. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. एकीचं वजन वाढलं होतं, दुसरीचा खांदा दुखत होता. मग आणखी तिघी. मावशी उसवत होत्या, आत दुमडलेलं कापड बाहेर काढून सरळ करत होत्या, आणि काका ओलं फडकं टाकून वाफेची इस्त्री मारत होते. उसवलेलं काम दिसता कामा नये, हा मावशींचा जुना हट्ट. सुयांची भोकं नखाने घासून बुजवायची, घडीची रेघ वाफेने घालवायची. या आठवड्यातही त्यांनी त्यात कसूर केली नाही.

कारण काय, ते त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तोंडाने पहिल्यांदा ताईंनी सांगितलं. ताई म्हणजे हॉलमधल्या सगळ्यांत जुन्या बाई. कोट मशीनवर ठेवून त्या स्टुलावर बसल्या.

"उकडतंय का तुम्हालाही?" मावशींनी विचारलं.

"मला कसलं उकडतंय! घरी मुलगा विचारतो, आई, तुझा कोट पण तसलाच आहे का? अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मी. त्याच्यासमोर मान खाली घालून बसले."

"काही चूक केलीत का ताई तुम्ही?"

"नाही ना! म्हणून तर जास्त राग येतो. पण राग घेऊन जाऊ कुठे? सोमवारी आम्हालाही बोलावलं तर? काल तर त्या सुपरवायझरचा मित्र सगळ्यांच्या कोटांकडे बघत हॉलमधून दोन चकरा मारून गेला. करा हो सैल. पाया पडते."

"पाया काय पडता," मावशी म्हणाल्या आणि कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं.

नाही म्हणायचं कोणत्या तोंडाने? बाई समोर घाबरून बसलेली, कोट तिचा, कापड तिचं. मावशींचा हात आजवर कोणासाठी आखडला नव्हता. एकेक कोट हातात घेतला, की ती एकेक बाईच दिसायची. शनिवारपर्यंत पंधरा कोट झाले.

सोमवारी समितीच्या खोलीत लांब टेबलामागे तिघं होते. अध्यक्ष, बाहेरून बोलावलेल्या वकीलबाई आणि टाइप करणारा कारकून. मुलगी आईबरोबर बाहेरच्या बाकावर बसली होती. मावशींना पाहून ती अर्धवट उठली. इतक्या दिवसांत तिच्याकडे सरळ बघणारं दुसरं कोणी नसावं.

अध्यक्षांनी विचारलं, "एकोणीस नंबरचा कोट तुम्ही घट्ट केला?"

"बेताचा केला, साहेब. दीड इंच. आणि तिचा एकटीचा नाही, सोळा जणींचा. ही बघा वही."

वकीलबाईंनी वही पुढे ओढली, दोन पानं उलटली. त्यांचा चेहरा जरा उजळल्यासारखा मावशींना वाटला. "हे महत्त्वाचं आहे," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "यातल्या काही जणींना बोलावून घेऊ."

तेव्हा कुठे मावशींच्या लक्षात आलं, की त्या येतील त्या उसवलेल्या कोटांतच.

वहीतल्या सहा जणी आल्या. ओळीने भिंतीपाशी उभ्या राहिल्या. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या बोटांवर, कमरेला घोळ. कंपनीने काल दिल्यासारखे कोट. मावशी प्रत्येकीच्या बगलेकडे बघत होत्या. एक रेघ, एक भोक कुठे दिसतंय का? काहीच नव्हतं. उभ्या आयुष्यात इतकं सफाईदार काम त्यांच्या हातून झालं नसेल.

"तुमचे कोट कधी आत घेतले होते का?" वकीलबाईंनी विचारलं.

चष्मेवाली जमिनीकडे बघत म्हणाली, "नाही बाई. माझा पहिल्यापासून असाच आहे."

दुसरीही तेच म्हणाली. ताईंची पाळी आली तेव्हा त्यांनी मावशींकडे पाहिलं. डोळे भरले होते. "असाच आहे," त्या म्हणाल्या.

"साहेब, मी उसवून दिलेत!" मावशी उभ्या राहिल्या. "याच आठवड्यात. माझ्या हाताने. आमच्या यांनी इस्त्री केली, बोलावून विचारा त्यांना."

"का उसवून दिलेत?"

"घाबरल्या होत्या बिचाऱ्या."

"कशाला घाबरल्या?"

"लोक बोलतील म्हणून."

अध्यक्षांनी मान हलवली. रागाने नाही, शांतपणे, समजूत घातल्यासारखी. "म्हणजे तसा कोट घालणं बरोबर नव्हतं, हे त्यांनाही पटलं होतं. तिलाच तेवढं पटलं नाही."

"तसं नाही, साहेब!"

"मग कसं?"

हाच प्रश्न आठ दिवसांपूर्वी मावशींनी काकांना विचारला होता. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. दार कोणी लावलं ते विचारा, कोट कोणी फाडला ते विचारा, तुम्ही दीड इंच मोजत काय बसलात. पण "दार..." एवढंच त्या म्हणाल्या.

"त्याबद्दल तुम्हाला बोलावलेलं नाही, बाई."

कारकुनाने कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं, की तक्रारदाराने स्वतःच्या इच्छेने कोट घट्ट करून घेतला, इतर कर्मचाऱ्यांचे कोट पाहता ते नियमानुसार आढळले. मावशी म्हणाल्या, मी सही करणार नाही. वकीलबाई हळूच म्हणाल्या, निदान कोट उसवल्याचं लिहा. अध्यक्ष म्हणाले, वहीला पुरावा काय? ती घरची वही. मग कारकुनाने खाली आणखी एक ओळ टाइप केली, की साक्षीदाराने सही करण्यास नकार दिला, आणि कागद जसाच्या तसा फायलीत गेला.

बाहेर सहा जणी घाईघाईने जिना उतरून गेल्या. मुलीने त्यांना आत जाताना पाहिलं होतं आणि बाहेर येतानाही. मावशी बाकापाशी आल्या, तिच्या आईने सरकून जागा करून दिली, पण त्या बसल्या नाहीत.

"सैल केलेत," मुलगी म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"फार घाबरल्या होत्या गं."

"किती जणींचे?"

"पंधरा."

"एका कोटाला किती वेळ लागतो, मावशी?"

मावशींना वाटलं, पोरगी बोलतेय हे काय थोडं आहे. कामाचं विचारलं की त्या खरंच सांगत आल्या होत्या. "इस्त्री धरून वीस मिनिटं," त्या म्हणाल्या.

मुलीने बोटांवर हिशेब केला. "पाच तास," ती म्हणाली. "पाच तासांत एकदाही मी आठवले नाही?"

"आठवलीस," मावशी म्हणाल्या. "प्रत्येक कोटाला आठवलीस."

मुलीने आईचा हात धरला आणि उठली. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवायला म्हणून पुढे केला होता, तो तसाच राहिला.