न विचारणारं पान

दुबईत करामा भागातल्या त्या मालवाहतूक कंपनीत २००४ साली सगळ्यांच्या बोटांना एकच सवय जडली होती. बिलांचं पान उघडलं की संगणक विचारायचा, या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा का? सगळे न वाचता ‘येस’ दाबायचे. पान कंपनीचं होतं, त्याची हमी देणारं सर्टिफिकेटही कंपनीचंच. फक्त संगणकांना ते ओळखीचं नव्हतं.

संगणक सांभाळणारे सूर्यकांत बिवलकर या सवयीला घाबरत. उद्या बँकेचं खोटं पान आलं, तरी हे लोक ‘येस’च दाबणार.

मॅनेजर खैरुद्दीनना फक्त कटकट नको होती. “सबको अ‍ॅडमिन बना दो, मुझे भी. जिसको जो डालना है, खुद डालेगा. खलास!”

“नहीं सर. सर्टिफिकेट मैं सर्व्हरसे भेजूँगा. और खुद डालने का रास्ता बंद करूँगा.”

“शनिवार को बिल अटके, तो तुम्हारा कॉन्ट्रॅक्ट भी अटकेगा, हबीबी.”

कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा जाणार, पाठोपाठ मुलीची शाळा. सूर्यकांतनी तरीही माघार घेतली नाही.

शुक्रवारी सुट्टीच्या ऑफिसात त्यांनी सर्टिफिकेट पाठवलं आणि साध्या कर्मचाऱ्याच्या नावानं लॉगिन केलं. प्रश्न पुन्हा हजर. चूक त्यांचीच होती: सर्टिफिकेट पोचवणारा नियम माणसांच्या गटाला लावला होता, तो संगणकांच्या गटाला हवा होता. नियम हलवला, संगणक बंद करून सुरू केला. पान निमूटपणे उघडलं. मग एकेका टेबलावर जाऊन त्यांनी तेच तपासलं.

शनिवारी बिलं निघाली. दुपारी अकाउंट्सच्या अनुपमाताईंनी हाक मारली, “अहो बिवलकर, इकडे या! बँकेची मेल आलीय, लिंक उघडली तर पुन्हा सर्टिफिकेटचं विचारतंय.”

खैरुद्दीन मागे उभे होते. “अरे, येस दबाओ ना! यल्ला, जल्दी! पेमेंट भेजना है.”

अनुपमाताईंनी माऊसवरचा हात काढला. “नहीं सर. सुबहसे किसी पेजने कुछ पूछा नहीं. ये क्यों पूछ रहा है?”

सूर्यकांतनी ते पान बंद केलं आणि बँकेचा पत्ता स्वतः टाइप केला. खरं पान काही न विचारता उघडलं. मेलमधलं पान बँकेचं नव्हतंच.

खैरुद्दीन केबिनमध्ये गेले. थोड्या वेळानं त्यांनी सूर्यकांतना बोलावून सही केलेलं नवं कॉन्ट्रॅक्ट पुढे सरकवलं.

“और वो अ‍ॅडमिनवाला, मुझे भी मत देना.”

“देनेवाला था ही नहीं, सर.”