महायुद्धाच्या नावेला रंभाबाईंचं ब्रॅकेट

भामरागडात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शेजारच्या टिनाच्या शेडमध्ये रंभाबाई वेल्डिंग करतात. त्यांनी मशीन लावली की माझ्याकडचा व्होल्टेज पडतो, म्हणून आमचं रोजचं भांडण. तरी सांगतो, असा हात तालुक्यात दुसरा नाही. ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल दुकानात येऊन वाद घालावा.

रंभाबाई ढिवराची लेक. वडील नावाडी. पण त्यांच्या घरात बायकांनी जाळं विणायचं आणि नाव बाप्यांनी चालवायची, असा दंडक. बाईंनी मग लोखंड धरलं आणि वीस वर्षं खिडक्या-फाटकं केली.

या जुलैत नदीपलीकडच्या माडिया आदिवासींच्या गावचे लालसू त्यांच्याकडे आले. पावसाळ्याचे चार महिने त्यांचं गाव तुटलेलं असतं. एका जुन्या लाकूड डेपोत त्यांना एक नाव सापडली होती, दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी बांधलेली, आणि सोबत त्याच काळातली पेट्रोलवर चालणारी मोटर. डेपोच्या साहेबांनी अट घातली होती: रविवारी भरल्या नदीतून नाव पलीकडे जाऊन परत आली तर ती गावाची, नाही तर सोमवारी भंगारात.

अडचण एकच. नाव दोन्ही टोकांना निमुळती होती, मोटर अडकवायला मागे सपाट फळीच नव्हती. म्हणजे मोटर बाजूलाच टांगावी लागणार.

"भोकं पाडून बोल्ट मारा की," मी शहाणपण शिकवलं.

"पाण्यात उतरलेल्या नावेले भोक पाडत नाई, भाऊ. माह्या बापानं कधी पाडलं नाई."

त्यांनी दोन लोखंडी चॅनल नावेवर आडवे टाकले, दोन्ही काठांना क्लॅम्पनं आवळले, डावीकडे हातभर बाहेर काढले आणि त्यांच्या टोकांना सागाची जाड फळी बसवली. फळीवर मोटर. शुक्रवारी पाण्याच्या ड्रममध्ये पंखा बुडवून त्यांनी दोरी ओढली. अकराव्या वेळी मोटर बोलली. मी एकाचा सातबारा मशीनमध्ये अर्धा सोडून धावलो. ऐंशी वर्षांची म्हातारी मोटर, आणि काय तिचा आवाज होता!

शनिवारी मात्र फजिती झाली. रंभाबाई डावीकडे मोटरीपाशी बसल्या, आठ जण नावेत चढले, आणि काठ सुटताच पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता किंचाळू लागला. कारण सांगतो. आमच्याकडे नावाडी डाव्या अंगाला बांबू घेऊन उभा राहतो, आणि बसणारे तोल राखायला आपोआप उजवीकडे सरकतात. इथे बांबू नव्हता, तरी आठही जण सवयीनं उजवीकडे सरकले. नावेची डावी बाजू उचलली गेली आणि तिच्यासोबत मोटरही. मी काठावरून बोंबललो तेव्हा ते डावीकडे आले. जरा लाट लागली की पुन्हा उजवीकडे. पालथ्या घड्यावर पाणी.

"गेली आपली नाव," लालसू म्हणाले. त्यांचं तोंड पाहवत नव्हतं.

"काऊन जाईन? लोकं बसतेत तसेच बसतीन, लालसूभाऊ. आपण लोखंड खाली नेऊ."

रविवारी सकाळी त्यांनी फळी कापून काढली आणि अँगल जोडून वीतभर खाली बसवली. मोटरीवर पाणी उडू नये म्हणून पुढे पत्रा लावला. मला एकदम लख्ख कळलं: डावी बाजू उचलली तरी पंखा पाण्यातच राहणार, आणि उजवीकडे बसणारी माणसं आता मोटरीचंच वजन तोलणार होती. मी दुकानाला कुलूप घातलं आणि पहिल्यांदा आपण होऊन त्यांचा व्होल्टेज माफ केला.

दुपारी साहेब आले. नदी तांबडी, फुगलेली. माणसं चढली आणि सवयीप्रमाणे उजवीकडे सरकली. पंखा खोल पाण्यात राहिला. रंभाबाईंनी मोटरीचा दांडा वळवला आणि नाव प्रवाहाला तिरकी छाती देत निघाली. त्यांच्या घरात नाव चालवणारी ही पहिली बाई. मी काठानं चिखलात पळत होतो, चप्पल कुठे गेली ठाऊक नाही. नाव पलीकडे टेकली तेव्हा दोन्ही काठांवर लोक ओरडत होते. साहेबही ओरडले, नंतर खोकल्यासारखं केलं.

नाव परत आली तेव्हा तिच्यात एक माणूस जास्त होतं, लालसूंची आई सोमारीबाई, सत्तरीच्या. पावसाळ्यात त्यांनी ही नदी आयुष्यात कधी ओलांडली नव्हती. लालसूंनी त्यांना हात धरून उतरवलं आणि बाजारात नेलं. मीही मागोमाग गेलो.

मीठ, तेल, कांदे, प्लॅस्टिकच्या चपला. त्या प्रत्येक दुकानापुढे थांबल्या, पण काहीच घेतलं नाही.

"माय, काही घेतलं काऊन नाई?" लालसूंनी विचारलं.

"आज काऊन घेऊ?" त्या म्हणाल्या. "आता उद्या येता येते."

मला रडू आलं. आलं तर आलं, त्यात लाजायचं काय?